माझ्या हिट गाण्यातली टिकटिक

२ मार्च
उद्या माझं पहिलं सिंगल येतंय. ‘वीज माझ्या नसांत’. शब्द, संगीत, आवाज, सगळं मीच. कलाकार म्हणून नाव ‘व्होल्टेज’. लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात मी आता थोड्याच दिवसांचा पाहुणा.

बायकोशी करार झाला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचे वडील आमच्याकडे राहायला येतायत, त्यांना मागची खोली हवी. मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. महिनाभरात गाणं चाललं तर स्टुडिओ राहील आणि मी मोठं घर बघेन. नाही चाललं तर खोली सासरेबुवांची. लगेच हो म्हटलं. बिचारीला कल्पना नाही, ती कुणाशी पैज लावतेय.

३ मार्च, सकाळी
आलं! ऐकतच बसलो. ऑफिसला उशीर. साहेबांना सांगितलं, लिफ्टमध्ये अडकलो. आमचं ऑफिस तळमजल्यावर आहे हे नंतर आठवलं.

३ मार्च, दुपारी
घात झाला. शेजारच्या टेबलावरचा कानसेन म्हणाला, मागे काहीतरी टिकटिक करतंय. ऐकलं. करतंय. ताल चुकू नये म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी कॉम्प्युटर टिकटिक वाजवतो. फायनल काढताना ती बंद करायची असते. इतके महिने ऐकून मला ती ऐकूच येईनाशी झाली होती.

३ मार्च, चहानंतर
टिकटिक काढायची नाही. नीट विचार केला तर ती मी मुद्दामच ठेवलीय. चुकून राहिली असती तर इतकी सुरेख बसलीच नसती.

८ मार्च
प्रतिसाद जोरदार. बहिणीचा अंगठा. साहेबांचा अंगठा. आईने विचारलं, घसा बरा नाही का रे. आणि एका संगीताच्या ब्लॉगवर चक्क परीक्षण! ‘गायकाला काय म्हणायचंय ते शेवटपर्यंत कळत नाही, पण टिकटिक लक्षात राहते.’ आकाश ठेंगणं झालंय. प्रिंट काढून फ्रिजवर लावली. बायकोने वाक्याचा पहिला अर्धा भाग पेनाने अधोरेखित केला.

१२ मार्च
सासरेबुवा आले. तूर्त हॉलमधल्या सोफ्यावर. थोडे दिवस कळ काढा म्हटलं. ते म्हणाले, जावईबापू, गाणं तर ऐकवा. ऐकवलं. डोळे मिटून मान डोलवत होते, एकदाही ताल चुकला नाही. स्वतःच्या फोनवर घालून घेतलं. या घरात एक तरी दर्दी आला!

१९ मार्च
चमत्कार! ऐकणाऱ्यांचा आकडा भराभर चढतोय. सगळे याच शहरातले. सकाळी जोर, दुपारी शांत, संध्याकाळी पुन्हा जोर, रविवारी कुणीच नाही. कानसेनला म्हटलं, हा विचार करणारा तरुण वर्ग. रविवारी ते वाचत असणार. मी आता फार दिवस इथे नाही, हेही साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बरं, आधी चौथ्या मजल्यावर अडकलेल्या बाईंचा फोन घे.

२३ मार्च
बायकोला मोठ्या घरांचे फोटो दाखवले. म्हणाली, आधी दूध आण. नाही म्हणाली नाही. म्हणजे पटलंय.

२७ मार्च
सासरेबुवांना व्यायामाला सोडायला आज पहिल्यांदाच मी गेलो. फिजिओथेरपी सेंटरचं दार ढकललं आणि आत माझं गाणं! मोठ्या आवाजात! कठड्याला धरून माणसांची रांगच्या रांग माझ्या तालावर पायरी चढतेय, उतरतेय. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गाण्यावर लोक नाचतायत! सासरेबुवांनी खणखणीत आवाजात सांगितलं, हेच ते, माझे जावई. टाळ्या पडल्या.

फिजिओथेरपिस्ट बाई लगबगीने आल्या. मी सहीसाठी पेन काढलं. म्हणाल्या, तुमची टिकटिक फार उपयोगी पडते हो, अगदी एकसारखी. फक्त ते गाणं तेवढं काढून देता येईल का? कठड्यापाशी उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, तो माणूस मध्येच ओरडतो ना, तेव्हा पाय चुकतो. सासरेबुवा त्यांना हळूच म्हणाले, होते सवय.

२९ मार्च
गाणं काढून दिलं. ‘वीज माझ्या नसांत: शुद्ध रूप’. आणखी सेंटरं मागतायत. ऐकणाऱ्यांच्या आकड्यात याने जुन्या गाण्याला कधीच मागे टाकलं. कमीत कमीतून जास्तीत जास्त सांगणं हीच खरी कला, हे मी आधीपासून म्हणत होतो.

३१ मार्च
महिना संपला. बायकोला सांगितलं, चाललं, खोली माझी. तिने विचारलं, त्यात तुझे शब्द आहेत? नाहीत. तुझा आवाज? नाही. एखादं वाद्य? नाही. मग तुझं आहे काय त्यात? मी म्हटलं, वेग. किती वेगाने टिकटिक व्हायची ते मी ठरवलं.  ती म्हणाली, बरं, करार म्हणजे करार. बाबांना सांगते, सोफ्यावरच राहा.

जिंकलो.

कॉम्प्युटर सुरू केला की वेग आपोआप तेवढाच येतो. मी तो कधी बदललाच नव्हता. हे तिला माहीत नाही.

दुपारी मीच स्टुडिओतले स्पीकर उचलून हॉलमध्ये आणले आणि सासरेबुवांना हाक मारली, खोली रिकामी आहे.