मधल्या खोलीतले सात वॅट

ती. ताईस,

लहान भावाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सगळे आपापल्या भिंतीमागे खुशाल. आईचंही बरं आहे, म्हणजे सकाळी दादाकडे जेवते, संध्याकाळी माझ्याकडे, आणि दोन्ही घरांत 'भूक नाही' म्हणते. (पत्र मुद्दाम कागदावर लिहितोय. माझे ई-मेल हल्ली निम्मे दादाच्या लाइनीवरून जातात. तो वाचेल असं नाही, पण मन धजत नाही.)

तुझा रविवारचा कॉल सारखा तुटायचा, त्यावर उपाय केला. घरात इंटरनेट दोन, एक दादाचं, एक माझं. दोन्ही दिवसातून तीनदा मान टाकतात, पण एका वेळी कधीच नाही. एवढं एक सामंजस्य या घरात उरलं आहे. म्हटलं, दोन्ही लाइनी एकाच यंत्रात घालाव्यात, एक गेली की दुसरी धरेल. असला राउटर घरीच बनवता येईल, असं शाळेच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेल्या माणसाला वाटणारच. त्याची लाइन मागायला आईने दादाला गाठलं. त्याने होकार वहिनीकरवी कळवला आणि वायर दाराच्या फटीतून सरकवली.

अडचण आली विजेची. वाटणीत मधली खोली आईची ठरली, पण तिचा मीटर राहिला दादाच्या बाजूला. आणि दादाचा जन्म गेला लोकांचे मीटर वाचण्यात. यंत्र तर चोवीस तास चालू हवं. आधी मी शाळेने टाकून दिलेला मोठा संगणक आणून लावला. सत्तर वॅट खायचा आणि घरघर अशी, की आई दोन दिवस मोठ्याने बोलत होती. तिसऱ्या दिवशी वहिनी येऊन म्हणाली, "भावजी, हे विचारताहेत, मधल्या खोलीत गिरणी टाकली का?" मी तो मुकाट्याने उचलला.

मग तळहाताएवढा, संगणकाचंच काम करणारा एक बोर्ड आणला. तीन वॅट! पण त्याला वायरीचं तोंड एकच. (दोन लाइनी आत, एक बाहेर, म्हणजे तोंडं तीन हवीत. हे मला विकत घेतल्यावर कळलं. माझं सगळं असंच.) जोडण्या लावून तोंडं वाढवली, तर आईचा झाडू लागला की सगळंच बंद.

शेवटी भंगारवाल्याकडे, बंद पडलेल्या कुठल्याशा कार्यालयातला एक चपटा डबा मिळाला. पंखा नाही, आवाज नाही, तोंडं नेमकी तीन. वॅट मोजायचं यंत्र लावून बसलो होतो, तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. आकड्याकडे पाहिलं.

"सात?"

"सात."

"पंखा नाही?"

"नाही."

"बरं," म्हणाला आणि गेला. दोन वर्षांतलं आमचं हे पहिलं संभाषण. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डबा उत्तम चालतो. गेल्या रविवारी तू तासभर सलग दिसलीस. आणि तुझं-आईचं बोलणं वीस मिनिटांतच संपलं, पुढे नुसत्या एकमेकींकडे बघत होतात, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. पूर्वी कॉल तुटला की मी आणि दादा दोन दारांनी धावत यायचो, आईचा फोन आपापल्या लाइनीला जोडू बघायचो, न बोलता का होईना, आईच्या दोन बाजूंना पाच मिनिटं उभे राहायचो. आता कुणीच येत नाही. यायचं कारणच मी काढून टाकलं.

असो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या रविवारी यंत्र ठणठणीत असेल. तरीही तू मध्येच दादाला फोन करून सांग, की आई दिसत नाहीये. जरा रागावूनच सांग, तुझं तो ऐकतो. मी खोलीत असेनच.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं. म्हणाली, "एकच रविवार कशाला? तिला म्हणावं, दर रविवारी सांग."