एल्डनने ठासलेल्या शेवटच्या बाराबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
शिकार व वन्यजीव कार्यालय,
डोंगर विभाग.

विषय : ठासणीच्या बंदुकीत राहिलेला एक बार आज सूर्यास्तापूर्वी उडवण्याबाबत, व त्यासाठी अर्जदारास खिडकीतून बाहेर पडू देण्याबाबत.

संदर्भ : १) शेजारच्या राज्याचे वनरक्षक श्री. ड्वेन बीची यांची नोटीस.
२) आपले वनरक्षक श्री. मर्ल फाइक यांचे तोंडी म्हणणे (काकवीचा पाय, म्हणजे आमच्याकडचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, खाता खाता सांगितलेले).

महोदय,

"ऑर्फा, ठासलेला बार उपसून काढायचा नाही. तोंडातून आत गेलाय, तोंडातूनच बाहेर जाऊ दे." असे माझे दिवंगत यजमान एल्डन शॅलनबर्गर मला नेहमी सांगत. अर्जाची सुरुवात यजमानांच्या बोलण्याने करू नये हे मला कळते. पण या प्रकरणात दोन्ही राज्यांत सारखा लागू पडणारा नियम मला एवढा एकच सापडला, म्हणून तो आधी लिहिला.

१. आमचे घर दोन राज्यांच्या सीमेवर आहे. सीमेचा दगड चुलाण्याच्या मधोमध येतो. झोपायची खोली आपल्या राज्यात, तर स्वयंपाकघर, ओसरी आणि घराची दोन्ही दारे खालच्या राज्यात. यामुळे आजवर काही अडले नव्हते. झोप एका राज्यात व्हायची आणि न्याहारी दुसऱ्यात, एवढेच.

२. गेल्या ऑक्टोबरात ठासणीच्या बंदुकांचा हंगाम उघडला, त्या सकाळी एल्डनने ओसरीवर बंदुकीत दारू ओतली, गोळी घातली, गजाने ठासली. (दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची आमच्या घरात कधीच नव्हती.) "कॉफी घेतो नि निघतो," म्हणून ते खुर्चीत बसले, आणि कॉफी येण्याआधीच प्रभूने त्यांना नेले. दफनाच्या गडबडीत कुणीतरी बंदूक चुलाण्यावरच्या खुंट्यांना लावली. ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी चढवलेली नव्हती, पण बार आतच राहिला.

३. मी रोज न्याहारीपर्यंत मौन पाळते. स्तोत्र वाचते, तेही मनात. श्री. बीची नेमके त्या वेळी आले. भिंतीकडे पाहून त्यांनी विचारले, बंदूक भरलेली आहे का. मी बोलू शकत नव्हते, म्हणून त्यांना खुर्चीकडे बोट दाखवून बसायची खूण केली, नंतर स्वतः बघून घ्या अशा अर्थाने बंदुकीकडे बोट केले. ते टेबलाखाली गेले. नोटिशीत माझ्या नावापुढे 'उत्तर देण्यास नकार, व हावभावाने धमकी' असे लिहिले आहे. मी ब्रेदरन या ख्रिस्ती मंडळीतली आहे, महोदय. आम्ही युद्धावर जात नाही, कोर्टात शपथ घेत नाही. धमकी कशी देतात हे मला कुणी शिकवलेले नाही.

४. श्री. फाइक यांना मी लगेच बोलावून घेतले. ते म्हणाले, आपल्या कायद्यात टोपी काढलेली बंदूक ही रिकामी बंदूक. श्री. बीची म्हणाले, आमच्या कायद्यात नळीत बार आहे तोवर ती भरलेली, टोपी असो वा नसो. दस्ता आपल्या राज्यात होता, तोंड त्यांच्यात. श्री. फाइक म्हणाले, दारू माझ्या हद्दीत आहे. श्री. बीची म्हणाले, पण नळी बघते ती माझ्याकडे. या वादात काकवीचा अख्खा पाय संपला. मी मधे पडून बंदूक उलटी टांगली, तेव्हा दारू त्यांच्या हद्दीत गेली आणि श्री. बीचींनी नवा कागद काढला. म्हणून पुन्हा सुलटी केली. झोपायच्या खोलीत हलवते म्हटले, तर तो पुरावा राज्याबाहेर नेल्याचा वेगळा गुन्हा.

५. श्री. फाइक यांनी स्क्रू लावलेला गज घालून गोळी उपसून पाहिली. स्क्रू तुटला.

६. मग उडवायचे ठरले. आपल्या राज्यात नाताळानंतर फक्त चकमकीची बंदूक चालते, आमची टोपीची. खालच्या राज्यात टोपीची चालते, पण मला नारिंगी टोपी हवी. म्हणजे एकीकडे बंदुकीला टोपी चालत नाही, दुसरीकडे टोपीशिवाय मी. मी मंडळीचे वडीलधारे अमॉन भाऊ यांची परवानगी घेऊन प्रार्थनेच्या टोपडीवर नारिंगी कापड शिवले. ते म्हणाले, "ऑर्फाताई, देव ओळखेल, हरणांचं सांगता येत नाही." श्री. बीचींनी रंग फिका ठरवला. कापडाचा तुकडा सोबत जोडला आहे. शिवाय परवान्यासाठी शिकारीचा वर्ग करावा लागतो, आणि मला शिकार करायचीच नाही. मला फक्त आवाज करायचा आहे. त्याचा रकाना कुठल्याच राज्याच्या फॉर्मात नाही.

७. अखेर श्री. बीची कंटाळले, आणि पुरावा हलवण्याची हरकत त्यांनी सोडली. शनिवारी सूर्यास्तापर्यंत बंदूक रिकामी न झाल्यास ती जप्त होऊन वितळवली जाईल, असे त्यांनी सांगितले, आणि तसे शपथपत्र पुढे केले. मी शपथ घेत नाही म्हटल्यावर त्यांनी डोके धरले. "मावशी, मग नुसतं हो म्हणा. तुमच्या लोकांचं हो मला पुरे."
मी हो म्हटले.
आज शनिवार आहे.

८. आपल्या राज्यात, सीमेला लागून, अग्निशमन मंडळाच्या मैदानावर आज टर्कीची नेमबाजी आहे. (बक्षिसाला आता टर्की पक्षी मिळत नाही, हॅम म्हणजे डुकराची खारवलेली मांडी मिळते. नाव जुने आहे.) कागदावर गोळी झाडणे म्हणजे शिकार नव्हे, हे दोन्ही वनरक्षकांना मान्य झाले. एका गोष्टीवर ते एकत्र आले याबद्दल मी रात्री प्रभूचे आभार मानले. पण पैसे भरून हॅमसाठी नेम धरणे हा आमच्यात जुगार. अमॉन भाऊंनी तोडगा काढला, की मी कागद सोडून मागच्या मातीच्या बांधावर नेम धरावा. तरीही चुकून कागदाला लागलीच, तर हॅम आपल्या कार्यालयाने ठेवून घ्यावा.

९. अडचण मैदानापर्यंत जाण्याची आहे. बार असलेली बंदूक खालच्या राज्यात दाराबाहेर किंवा गाडीत नेता येत नाही, आणि दोन्ही दारे खालच्या राज्यात. आपल्या राज्यात उघडणारी एकच जागा म्हणजे झोपायच्या खोलीची खिडकी. तिथून उतरून, बंदुकीची टोपी खिशात ठेवून, कुंपणाच्या आपल्या बाजूने मी पायी जाणार आहे. माझे वय एकाहत्तर आहे. कुणी कळवले की शॅलनबर्गरांच्या खिडकीतून बंदूक घेऊन कुणी उतरत आहे, तर ती मीच, असे समजून कृपया कुणाला पाठवू नये.

१०. शेवटचे, जे नोटिशीत विचारलेले नाही. इतके दिवस बार आत का राहू दिला? श्री. फाइक यांना मी सांगितले, सवड झाली नाही. ते पूर्ण खरे नव्हते, म्हणून इथे दुरुस्त करते. तो बार भिंतीवर होता तोवर एल्डनचे एक काम घरात अर्धे राहिलेले होते, आणि अर्धे काम टाकून ते कधी कुठे गेले नाहीत. सकाळी मौनात मी चुलाण्याकडे बघायची आणि वाटायचे, हे आत्ता येतील आणि पुरे करतील. बार उडाला की नळी धुऊन, तेल लावून ती पुन्हा टांगायची, बाकी काही उरणार नाही. बंदूक वितळवू देण्यापेक्षा ते बरे, असे मी ठरवले आहे. आवाज मोठा होईल. जन्मभर मी आवाज चढवला नाही, तेवढा एक माफ असावा.

हा अर्ज आपल्यापर्यंत सोमवारी पोहोचेल हे मला माहीत आहे. तेव्हा परवानगीसाठी थांबता येत नाही, कळवते आहे एवढेच. खिडकीखाली स्टूल ठेवले आहे, बर्फ झाडून घेतले आहे. ऊन कलायला लागले आहे, निघते.

दोन्ही राज्यांची सारखीच आज्ञाधारक,

ऑर्फा शॅलनबर्गर
शनिवार, २८ डिसेंबर २०२४