बारा जणींत कोण

आई, उद्या दुपारपर्यंत संघातल्या बारा जणींची नावं द्यायची आहेत आणि दोन दिवस झाले, माझं कशातच लक्ष नाही. सकाळी पोळी करपवली. शाळेत एकाच वर्गाची हजेरी दोनदा घेतली. तू गेलीस तेव्हा रांगत होती ती तुझी नात आता अकरावीत आहे, ती विचारते, "परीक्षा माझी हाय का तुझी?" मी हसण्यावारी नेलं. पण ती झोपल्यावर तुलाच लिहायला घेतलं, कारण माणसं निवडायचं आणि वगळायचं काम आपल्या घरात माझ्याआधी फक्त तूच केलेलं आहेस.

तू असताना हा खेळ आपल्या जिल्ह्यात नव्हता, म्हणून आधी तो सांगते. रग्बी म्हणतात. चेंडू गोल नसतो, पपईसारखा लांबट असतो, त्यामुळं टप्पा पडला की कुठं उडेल त्याचा नेम नाही. तो छातीशी धरून समोरच्या रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवायचा आणि जिच्या हातात तो असेल तिला समोरच्या संघातल्यांनी कमरेत मिठी मारून पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात. पळायचं पुढं, पण हातातला चेंडू द्यायचा मात्र मागच्या बाईलाच. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग पुढं काय द्यायचं, निरोप? मैदानात सात जणी उतरतात, पाच बाहेर बसतात. मी कबड्डी खेळायला लागले तेव्हा तू जुन्या वाकळेच्या पट्ट्या कापून माझ्या गुडघ्यांना बांधायला शिवून दिल्या होत्यास आणि बाबांना सांगितलं होतंस, पोरीच्या गुडघ्यात वारं भरलंय. या खेळात गुडघ्यांबरोबर खांदे, बरगड्या आणि कानसुद्धा बांधावे लागले असते. तुझी एक अख्खी वाकळ गेली असती.

नोकरी लागल्यावर एका शिबिरात मी हा खेळ शिकून आले आणि माझ्याबरोबर कबड्डी खेळलेल्या बायकांना हुडकत फिरले. कुणाला सासू सोडेना, कुणाला नवरा. पहिली आली ती तामलवाडीची. तू तिला ओळखतेस. कॉलेजात असताना आपल्याकडं मुक्कामाला यायची आणि तुझ्या हातचं पिठलं भांडं पुसून खायची. शाळेचं मैदान मुरमाचं, पडलं की सालटं निघायची. तर तिनं घरच्या मळणीचं सोयाबीनचं भुसकट पोत्यांत भरून टेम्पोनं आणलं आणि मैदानावर पसरलं. आम्ही त्यावर पडायला शिकलो. दोन दिवस सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती, नवरे वैतागले होते, पण हाड कुणाचं मोडलं नाही. जिल्ह्याचा बायकांचा संघ म्हणून आज जे काही उभं आहे ते त्या भुसकटावर उभं आहे, आणि ते भुसकट तिचं आहे.

आता तिची पस्तिशी उलटली. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. राज्य स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, आणि आजवर पहिल्या फेरीतच घरी येणारा आपला संघ यंदा पुढं जाईल असं मला पहिल्यांदाच वाटतंय, कारण नव्या पोरी चांगल्या आहेत. येडशीची एक आहे, अठराची. तिथल्या रामलिंगाच्या देवळातली माकडं हातातला नारळ पळवतात तसा ती चेंडू पळवते, कळेपर्यंत लांब गेलेली असते. तामलवाडीचीच्या जागेवर तिला घ्यावं हे लहान मूलही सांगेल. रविवारी सोलापूरच्या एका संघाशी सराव सामना ठेवला होता. बरोबरी चालली होती, आणि अगदी शेवटी त्यांची एक काटकुळी पोरगी तामलवाडीचीच्या हाताखालून निसटली आणि सरळ रेषेपलीकडं जाऊन पडली. हरलो. मी मागून बघत होते. सगळ्यांच्या मागं एकटीनं थांबून राखण करायची ही माझी जागा आहे. मी शिकवते तशी खेळतेही अजून. आधी पुढं खेळायचे. गेल्या वर्षी पोरींनीच आग्रह केला, मॅडम, तुम्ही मागं थांबा, मागून सगळं तुमच्यावानी कुणाला दिसत न्हाय. मला बरं वाटलं होतं. घरी आल्यावर तुझ्या जावयालाही सांगितलं होतं.

तर तामलवाडीचीला कसं सांगायचं, यात माझे दोन दिवस गेले. आधी मी एक तोड काढली. तिला संघाची मॅनेजर करायचं. जाण्यायेण्याचं बघायचं, पोरींवर लक्ष ठेवायचं, गळ्यात ओळखपत्र. नाव गाळलं असं वाटणारही नाही. ही तोड मला सुचली कारण ती तुझी आहे, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

आपल्या गल्लीत कुणाचा नवस फिटला आणि दर्ग्याला कंदुरीचं जेवण ठरलं की आधी तुला निरोप यायचा. मटणाचं पुरुष बघायचे, भाकरी बायकांच्या. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, सगळ्या घरच्या बायका यायच्या, तीन दगडांच्या आठ-दहा चुली मांडल्या जायच्या आणि कोण भाकरी थापणार, कोण पीठ मळणार, कोण भाजणार, हे तू ठरवायचीस. मी परातीशी बसून बघत असायचे. एका वर्षी समोरच्या काकूंच्या भाकरी तव्यावर टाकताना तुटायला लागल्या. हात थरथरत होता त्यांचा. मी कॉलेजात शिकणारी शहाणी, सगळ्यांसमोर बोलून गेले की काकूंच्या भाकरीचे तुकडेच वाढावे लागतील. तू माझ्याकडं एकदाच बघितलंस. मग तू काकूंना म्हणालीस, काकू, या पोरींना जाळ लावता येईना, सगळ्या चुलींचा जाळ तुमी बघा, तुमच्यावाचून कुणाला जमतंय. काकू पदर खोचून मोठ्या तोऱ्यात उठल्या. घरी येताना तू मला म्हणालीस, "माणसाला काढायचं नसतंय. हलवायचं असतंय." हे मी आजवर विसरले नाही. शाळेत, संघात, घरात, सगळीकडं मी तसंच करत आले. सगळे म्हणतात मॅडम कुणाला दुखवत नाहीत.

पण आई, त्याच्यानंतरची एक कंदुरीही मला आठवते. तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मी माहेरी आले होते आणि तुला दम लागायला लागला होता. त्या दिवशी चुलींपाशी तुझ्या हाताखाली तयार झालेली गल्लीतलीच एक सून उभी होती. ती तुला म्हणाली, मावशी, तुमी जाळ बघा, तुमच्यावाचून कुणाला जमतंय. अगदी तुझ्याच शब्दांत. तू उठलीस. जाळाशी बसलीस. दिवसभर सगळ्या चुली नीट पेटत्या ठेवल्यास, कुणाशी वाकडं बोलली नाहीस. घरी येऊन पाय धुतलेस आणि उंबऱ्यावर बसून म्हणालीस, "मला आज हलवलं गं." तू पुढं म्हणालीस, "तोंडावर सांगितलं असतं की मावशी, तुमची भाकरी आता जमंना, तर दोन दिवस रडले असते आन् गप बसले असते. आता हिच्या तोंडाकडं बघू का तिच्या, कोण कोण मनात हसत हुतं, तेच कळंना." पुढच्या कंदुरीला तू गेली नाहीस. निरोप आला तर डोकं दुखतंय म्हणालीस.

म्हणून मी मॅनेजरचा विचार सोडून दिला आणि आज शाळा सुटल्यावर एसटीनं तुळजापूर गाठलं, तिथून तामलवाडी. सगळ्या रस्त्यानं काय बोलायचं ते मनात घोकत होते आणि पुन्हा पुन्हा विसरत होते. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या सासूबाईंनी पाणी दिलं, शाळेचं विचारलं, आत गेल्या. मी मूठभर शेंगा हातात घेतल्या, सोलायला लागले आणि खाली बघूनच सांगून टाकलं की तुझं नाव बारात नाही. पळणं कमी झालंय, टॅकल सुटतोय, तुझ्या जागी येडशीचीला घेतेय. ती सोलतच राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा त्या भुसकटाचा विषय काढेल.

"म्याच सांगणार हुते तुला," ती म्हणाली. "गुडघा जिना उतरताना लई कुरकुरतोय. काढलंस ते बरं केलंस. पण एक इचारू का? रविवारी माझा टॅकल सुटला, व्हय. मग ती पोरगी फुडं कुणापाशी गेली?"

मी म्हणाले, मागं मी होते, पण ती कडेनं आली, कोन चुकला, ऊन डोळ्यावर होतं. मी बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं.

"कोन न्हाय चुकला. तू तिच्यापत्तोर पोचलीच न्हाईस," ती म्हणाली. "पोरींनी तुला मागं का ठिवलंय, कळलं न्हाय व्हय? फुडं तुझा दम पुरंना म्हणून. तोंडावर कोण बोलंल? मॅडम हाईस तू."

मग तिनं चहा केला. मी प्याले. ती म्हणाली स्पर्धा बघायला येईन, पण पाण्याच्या बाटल्या उचलायला सांगू नकोस. निघताना तुरीच्या शेंगांची पिशवीही दिली. ती भांडली नाही, हेच मला सोसत नव्हतं. एसटीत बसल्यावर आधी तिचा राग आला. मनात म्हणाले, स्वतःचं नाव गेलं म्हणून बोलते. तुळजापूर येईपर्यंत तो राग टिकला. मग एकेक गोष्ट डोळ्यासमोर यायला लागली. येडशीची हल्ली पळण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला म्हणते, मॅडम, तुम्ही शिट्टी वाजवा, आमचं बरोबर होतं का बघा. तेर गावची एक पोरगी आहे, ती सरावात मला पाडायच्या आधी पाय आखडता घेते. मला वाटायचं तिला तंत्र जमत नाही, चार वेळा तिला समजावून सांगितलं होतं. तिला तंत्र जमतं, आई. ती मला सांभाळून पाडते. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं आणि मी मागं उभी राहून, सगळं मलाच दिसतं या खुशीत होते.

घरी आले. तुझे जावई म्हणाले, तोंड का उतरलंय, मी म्हणाले, एसटीत गर्दी होती. बारा नावांत सगळ्यात वर माझं होतं, कर्णधार म्हणून. निवड करताना मी एकेकीचं पळणं घड्याळ लावून मोजलं, एकेकीचे गुडघे तपासले, कुणाची झोप, कुणाचं खाणं, सगळं बघितलं, पण स्वतःचं काही बघायचं असतं हे माझ्या मनातही आलं नाही. कुणी विचारलंही नाही. निवडणारी मी, कर्णधार मी, मग विचारणार कोण? थोड्या वेळापूर्वी मी माझं नाव खोडलं आणि खाली तेरचीचं लिहिलं. तेराव्या नंबरला ठेवली होती तिला, का ते आता सांगता येत नाही. उद्या सराव झाला की मी पोरींना सांगणार आहे, मॅडमचा दम पुरत नाही म्हणून मॅडम खेळणार नाहीत. तशाच शब्दांत. एकीनं जरी म्हटलं, नाही मॅडम, तुमच्याशिवाय कसं होईल, तर माझा टिकाव लागेल का याची मला खात्री नाही. म्हणून पोरी काय म्हणतील यापेक्षा त्या गप्प राहतील की नाही याचीच धास्ती जास्त आहे. आणि खरंच गप्प राहिल्या तर? त्याचीही आहे.

चांगला संघ झालाय, आई. माझ्याशिवायचा संघ माझ्या संघापेक्षा चांगला आहे, हे मला लख्ख दिसतंय. तरी स्पर्धेच्या बॅगेत मी शिट्टी, मलमपट्टी, पोरींचे दाखले ठेवले आणि तळाशी माझे खिळ्यांचे बूटही ठेवले. मैदानावर उतरेपर्यंत आजारपणामुळं एखादं नाव बदलता येतं. बूट ठेवताना, एखादीला ऐनवेळी ताप यावा, असं मला वाटून गेलं. कुणाला यावा तेही वाटलं. ज्या पोरींना मी पडायला शिकवलं, त्यातल्याच एकीला. तू हयात असतीस तर हे मी तुला कधीच सांगितलं नसतं.