सहा पंचवीसची पायरी

२ मार्च
बाबांचा वायरलेस सेट आजपासून माझ्या गळ्यात! वयाने माझ्याहून थोडाच लहान. नव्या नियमाने चॅनेल दाटीवाटीने बसवलीत. पंधराला जुनं बंद, नवं सुरू. नव्याच्या आकड्यात शेवटी सहा पंचवीस, म्हणजे सहा पॉइंट पंचवीस, येतं आणि हा म्हातारा चढतो पाच-पाचच्या पायऱ्यांनी. मी सहा पंचवीस घालते, तो गुपचूप पाच करून ठेवतो. वर हिरवा दिवाही लावतो — लबाड!

नवा सेट घेऊ म्हटलं. बाबा म्हणाले, "मग बापही नवा आण."

४ मार्च
एवढी धास्ती कशाची, तर बुद्धिबळाची. रोज संध्याकाळी सहाला इथून बाबा, नदीपलीकडून त्यांचे जुने सोबती भोंगाकाका. पट आपापल्या घरी, चाली सेटवर. फोनवर जमत नाही — दोघं एकदम बोलतात, चिडतात, फोन आपटतात. सेटवर एकाने "ओव्हर" म्हटल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही. म्हणून तर चाळीस वर्षं टिकली मैत्री! सेट बसला नाही तर डाव मोडलाच.

७ मार्च
पायरी बारीक करायची युक्ती बाबांनी त्यांच्या वायरलेसच्या वर्कशॉपमध्ये कितीजणांना शिकवलेली. आज मला सांगायला बसले. "ही कळ दाबून धरायची, आणि मग..." मग काहीच नाही. एकदम उखडले. "तूच शोध! सगळं आयतं कशाला हवं?"
खडूस!

८ मार्च
माळ्यावर त्यांची जुनी वही सापडली. आधी पायरी, मग आकडा. मी आठवडाभर उलटं करत होते.
सहा पंचवीस बसलं! आता तपासायचं पंधरालाच.

१५ मार्च
सहा वाजता भोंगाकाकांचा आवाज — खणखणीत! मी उडीच मारली. बटण दाबून ओरडले, "काका, येतंय का ऐकू?" उत्तर नाही. "बसला नाही वाटतं याचा सेट," ते स्वतःशीच पुटपुटले.

तेव्हा ट्यूब पेटली. ऐकायचा आकडा वेगळा, बोलायचा वेगळा! मी एकच बदलला होता. बाबा खुर्चीत डोळे मिटून. मी वही आणायला उठले, तर काका पुन्हा बोलू लागले. हळू. भोंगा, आणि हळू!

"ऐकत नाहीस म्हणून बोलतो. वर्षभर चाली विसरतोयस रे. मेलेला घोडा परत पटावर आणतोस. तू म्हणतोस तसा मी माझा पट मांडून घेतो. चालतं मला. फक्त डाव मोडू नकोस. ओव्हर."

मी आवाज बारीक केला. बाबा झोपले होते. असावेत.

खडूस म्हटलं होतं मी त्यांना.

१६ मार्च
बोलायचा आकडा भरला. सहाला बाबांनी पट समोर घेतला — रिकामा. सोंगट्या डब्यातच.

मग त्यांनीच बटण दाबलं. "भोंग्या, कुठे काय आहे ते तू सांग. मी मांडतो. ओव्हर."

काका, नेहमीच्या आवाजात —

"आधी तो घोडा खाली ठेव, लबाडा! मेलाय तो! ओव्हर!"