दोन नकाशे आणि आमचा बोळ

३ मार्च, सोमवार
साहेबांनी दोन फोन माझ्या टेबलावर आणून ठेवले! म्हणाले, "तुम्ही पदवीधर ना? मग तुम्हीच ठरवा, आपल्या रुग्णवाहिकांना यातलं कुठलं नकाशाचं अ‍ॅप द्यायचं." दहा दिवसांत तुलनेचा तक्ता हवाय. सात महिने झाले इथे, रुग्णवाहिकेच्या कॉल सेंटरात. फोन उचलायचा, "पत्ता सांगा" म्हणायचं, पत्ता टाइप करायचा — एवढंच काम. आज पहिल्यांदा कुणी मला काही ठरवायला सांगितलं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ऐकलंत का, तुमची लेक आता गाड्यांना रस्ता दाखवणार." बाबा शिलाई मशीनवरून मान वर न करता — "आधी आपल्या बोळाचा दाखव म्हणावं."

चेष्टाच. पण लागलं मला. दोन वर्षांपूर्वी आईला दम लागला तेव्हा गाडी बोळ न सापडून मागच्या गोदामाच्या भिंतीपलीकडे भोंगा वाजवत उभी, आणि आम्ही आईला खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. आता वहिनीला आठवा लागलाय.

५ मार्च, बुधवार
दिवसभर मामांच्या रुग्णवाहिकेत. सगळ्यांत जुने ड्रायव्हर, म्हणून सगळ्यांचेच मामा. पुढे काचेपाशी दोन फोन लावले — एक निळं अ‍ॅप, एक हिरवं. निळ्यातली बाई म्हणाली डावीकडे, हिरव्यातली म्हणाली सरळ. मामा — "दोन सासवा एका घरात! ऐकू तरी कुणाचं?" आणि गाडी तिसरीकडेच घातली. दोघींनी सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचलो.

हे तक्त्यात कुठे लिहायचं कळेना. तसा रकानाच नव्हता. सोडून दिलं.

७ मार्च, शुक्रवार
निळं मोठ्या रस्त्यांवर पक्कं. घर क्रमांकही बरोबर दाखवतं. हिरवं गर्दी आधी सांगतं, आडवाटांनी नेतं, पण घर क्रमांकाला अधूनमधून गंडतं.

आमचा बोळ दोन्हींवर नाही! नुसता राखाडी ठिपका. पण हिरव्यात आपल्याला रस्ता भरता येतो. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन दोन्ही टोकांचे फोटो काढले, पाठवले. नाव विचारत होतं. बोळाला कसलं नाव? बाबा उजेडासाठी दारात मशीन घेऊन बसतात, म्हणून लिहिलं — शिंपी बोळ.

१३ मार्च, गुरुवार
आला! शिंपी बोळ, नकाशावर!

बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. बोट लावलं तर नकाशा सरकला. घाबरले — "गेला का गं?" परत आणून दिला. बराच वेळ फोन हातात धरून होते.

तक्ता दिला. हिरवं जिंकलं. साहेबांनी लगेच सही केली. खरं लिहू? दोन्ही बरोबरीत होती. बोळामुळे मी हिरव्याला झुकतं माप दिलं.

२४ मार्च, सोमवार
मोठा रस्ता खोदायला घेतलाय. सकाळी बोळातून एक कार गेली. मग तीन. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुणे का गं?"

पाहुणे नाहीत. हिरवं सगळ्यांना सांगतंय — इकडून जा, चार मिनिटं वाचतील.

२ एप्रिल, बुधवार
आठ ते नऊ — शहाऐंशी गाड्या. मोजल्या मी. बोळात एक गाडी जेमतेम मावते. आज दोन समोरासमोर आल्या, आमच्या दारातच. वीस मिनिटं भोंगे. बाबांचं मशीन आत आलंय. बल्बखाली त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.

काकू मोठ्याने — "शिकलेल्या पोरीनं दारात हायवे आणला हो!" सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

६ एप्रिल, रविवार
हिरव्याला कळवलं — बोळ अरुंद आहे, गाड्या पाठवू नका. दोन मिनिटांत उत्तर — "आपली सूचना तपासली. वाहने या मार्गाने व्यवस्थित जात आहेत." सात वेळा पाठवलं. सातही वेळा तेच.

फोन नंबर शोधला. नाही. तिकडे माणूसच नाही! दिवसभर लोक मला फोन करतात, मी उचलते. मी कुणाला करू?

७ एप्रिल, सोमवार
साहेबांना सांगितलं. "मॅडम, निवड तुमचीच होती." वर नवा नियम निघालाय — ड्रायव्हरांनी हिरव्याच्याच मार्गाने जायचं. मामा तीस तारखेला निवृत्त होतायत. म्हणाले, "बरं झालं, आता बाईचं ऐकायचं ते घरीच."

१३ एप्रिल, रविवार
बाबांनी आणि दादाने विटा-सिमेंट आणून बोळाच्या मधोमध बाक बांधला. आमच्या दारासमोरच. मी म्हटलं, "बाबा, अहो वहिनीचे दिवस भरत आलेत, आपल्या गाडीचं काय?" — "एका बाजूने दारापर्यंत येईल की. आरपार जाता येऊ नये, एवढंच."

बरोबरच होतं त्यांचं. मी बादलीने पाणी आणून दिलं.

१५ एप्रिल, मंगळवार
बत्तीस गाड्या आल्या, उलट्या गेल्या. एकाने शिवी दिली. बाबा बाकावर बसून काजं करत होते. मान वर केली नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार
बोळ शांत. मशीन पुन्हा दारात. "सुटलो बुवा!" बाबा म्हणाले.

मी हिरवं उघडलं. बोळ नाही. नाव नाही. पुन्हा राखाडी. लगेच परत भरला — "वाहने येथून परत फिरत आहेत. या ठिकाणी रस्ता नसल्याचे आढळले आहे." फोटो पाठवले. तेच उत्तर.

घरात कुणाला बोलले नाही. वहिनीला दहा मेची तारीख दिलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, पहिलटकरणीला बहुधा दोन-चार दिवस वरच जातात.

३ मे, शनिवार
मुलगी झाली. गाडीसाठी वहिनीला बाहेर आणलं तिथेच, बाबांच्या बाकावर, त्यांच्या कापडांवर, काकूंच्या हातात. रुग्णवाहिका तेव्हा भिंतीपलीकडे होती. नवा ड्रायव्हर मला फोनवर सांगत होता, "ताई, इथं पुढे रस्ताच दाखवत नाही." वळसा घालून यायला अकरा मिनिटं लागली. दोघी आता दवाखान्यात आहेत, बऱ्या आहेत. बाळ उशिरा रडलं म्हणे.

एवढं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. फोन मीच उचलला होता. दादा ओरडत होता — "गाडी पाठवा, लवकर!" पहिल्याच शब्दाला मी आवाज ओळखला. तरी डोळे हिरव्यावरच होते, आणि तोंडातून आलं — "पत्ता सांगा."