पाथ की पाठ

सोमवार, ता. ८
सूनबाईचा कॉम्प्युटर पुन्हा अडला! सकाळपासून एकच धोशा — "आई, त्याला पाथच मिळत नाहीये." मी म्हटलं, कोणता पाठ? मला येत असेल तर म्हणते! ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. सगळंच हसण्याचं नव्हतं ते, मला कळतं. शुक्रवारी तिला कायम करायचं की नाही ते ठरणार. मुलाची नोकरी गेल्यापासून घर तिच्याच जिवावर चाललंय.

मंगळवार, ता. ९
आज नीट समजावलं तिने. कॉम्प्युटरात हत्यारं कुठे ठेवलीत त्याचा पत्ता म्हणजे पाथ. ती स्वतः टाइप करून हुकूम देते तेव्हा काम होतं. ऑफिसने वरून बसवायला दिलेल्या प्लगिनमधून, म्हणजे मधल्या निरोप्याकरवी दिला, की — हत्यारच सापडत नाही! म्हटलं, म्हणजे माणूस कामाला धाडला आणि पत्ता दिलाच नाही? "अगदी तसंच, आई!"
साहेबांचं मात्र एकच, तुझंच मशीन बिघडलंय, सगळं पुसून पुन्हा बसव. दोनदा पुसून झालं.
हिशेबाला बसले तर बेरीज जुळेना. चित्तच थाऱ्यावर नाही.

बुधवार, ता. १०
दोष सापडला! प्लगिन बाकी सगळं पुढे देतं, नेमका पाथ तेवढा गाळतं. तिच्याबरोबर नोकरीला लागलेल्या मुलीचंही काम तिथेच अडलंय. पण प्लगिन लिहिलंय खुद्द साहेबांनी!
"उद्या मीटिंगमध्ये सांगू का?"
म्हटलं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तुझं तेवढं चालतं करून घे आणि गप्प बस. मुलगाही म्हणाला, आईचं ऐक.
तिने आपल्यापुरता पूर्ण पत्ता लिहून टाकला. चालू झालं!

गुरुवार, ता. ११
मीटिंग झाली. ती बोलली नाही. देवापुढे बसले, पण मन लागेना.

शुक्रवार, ता. १२
कायम झाली! देव पावला. मुलगा चिडवतो, "आई, तुझा पाठ लागू पडला!" सूनबाई हसली नाही. दमली असेल.

शनिवार, ता. १३
त्या दुसऱ्या मुलीला काढलं. म्हणे, हिला स्वतःचं मशीनसुद्धा नीट ठेवता येत नाही.
सूनबाई एवढंच म्हणाली, "तिचा फोन आला होता. विचारत होती, तुझं कसं गं चाललं?"