आल्याच्या बिअरची तिसरी खेप

अबू हलीफा,
शनिवार सकाळ

प्रिय पूर्वी,

स्पृहाला आधी झोपव, चहा घेऊन बस आणि मग हे मेलवरचं पत्र वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन करताना बाबा शेजारीच असतात आणि यातलं निम्मं त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. तर ऐक, तुझी आई बिअर करायला शिकली! हसू नकोस. आल्याची बिअर. आलं, साखर, लिंबू, पाणी आणि पावाला घालतात ते चिमूटभर यीस्ट. दोन दिवसांत बाटलीत फेस धरतो, चढण्याच्या आत फ्रीजमध्ये ठेवायची आणि गार झाली की संपवायची. इतकं सोपं आहे हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! तरी पडदे लावूनच करत होते. या दारूबंदीच्या देशात यीस्ट, साखर आणि बंद बाटल्या एकत्र दिसल्या तर हे सरबताचं भावंड आहे म्हणून कोण ऐकून घेणार?

पहिली खेप नुसती गोड झाली, फेसाचा पत्ताच नाही. यीस्ट मेलेलं होतं, नाहीतर मीच गरम पाण्यात त्याला मारलं असेन. दुसऱ्या वेळी पाणी कोमट होऊ दिलं, आलं दुप्पट किसलं आणि प्लास्टिकच्या बाटल्या स्वयंपाकघराच्या गॅलरीत ठेवल्या. बाहेरचा उन्हाळा तुला माहीतच आहे. सकाळी ठेवलेली बाटली संध्याकाळी दगडासारखी टणक! झाकण सैल केलं तर असा फुसकारा निघाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. समोरच्या फ्लॅटमधली ताहिरा तिच्या दारातून बघत होती. तिच्यासाठी यीस्ट न घालता वेगळा तांब्या काढला होता. तोच पीत म्हणाली, “अगो, नवऱ्याला पाजतंस की विमान उडवतंस?”

नवऱ्यालाच पाजत होते. आणि ते का, ते आता सांगते. जानेवारीत बाबांना ताप आला होता, आठवतो ना? ताप गेला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. वासच येईना, कसलाच. शुवैखच्या मसाल्याच्या गोदामात वेलचीचं पोतं उघडलं की माल कुठला आणि किती जुना ते सांगणारा माणूस, त्याला वेलची आणि भुसा सारखाच. कंपनीनं चांगुलपणानं त्यांना संगणकावरचं काम दिलं. पण तिथल्या मुलांनी पोती उघडून “हरीशसर, जरा बघता का?” म्हणणं बंद केलं, ते त्यांना फार लागलं. जेवण म्हणजे नुसतं गिळणं. आमटीत मीठ आहे का विचारलं तर म्हणायचे, “असेल.” एकदा दूध करपून भांडं काळं पडलं आणि हे तिथेच दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. त्या दिवसानंतर गॅसपाशी जायलाच घाबरायला लागले. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. व्हिडिओ कॉलवर ते तुझ्याशी हसून बोलायचे ना, तेवढंच त्या दिवसातलं हसणं असायचं.

डॉक्टर म्हणाले, वास येईलही किंवा येणारही नाही. लवंग, लिंबू, वेलची रोज हुंगत राहा. पंधरवडाभर हुंगलं आणि डब्या माळ्यावर टाकल्या. पण डॉक्टरांनी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली होती, ती मी धरून ठेवली. वास गेला तरी झणझण जात नाही. मिरची, आलं, सोड्याचा फेस यांची टोचणी वेगळ्या वाटेनं पोचते. झालं, मी कामाला लागले! दुसऱ्या खेपेचा पहिला घोट घेतल्यावर त्यांच्या नाकात फेस गेला, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला आणि मग ते हसले. अगं, खरंखुरं हसले! ग्लास पुढे करून म्हणाले, “अजून आहे का गं?” इतक्या महिन्यांत त्यांनी काही मागितलं नव्हतं.

मग मी चेकाळलेच. तिसऱ्या खेपेला फ्रायडे मार्केटमधून चापाच्या झाकणाच्या काचेच्या देखण्या बाटल्या आणल्या, आल्याबरोबर बार्लीचं ते बिनदारूचं पेयही घातलं आणि सगळ्या सिंकखाली ठेवल्या. काच दाबून कळत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काल आम्ही जेवायला बसलो आणि धडाम! पाठोपाठ दुसरी! सिंकचं दार उघडलं, तिसरी फुटली, माझ्या केसांत आलं, छताला फेस, जमिनीवर काचा. आणि बेल वाजली. दारात अकबर, तू गेल्यावर आलेला आमच्या इमारतीचा हारिस, नवा रखवालदार. “मॅडम, गॅस फटा क्या?” सगळ्या घरात आंबल्याचा वास भरलेला. यानं आत पाऊल टाकलं, कुणाला सांगितलं, तर बाबांची नोकरी, इकामा, इथं राहण्याचा परवानाच गेला, सगळंच संपलं असं वाटलं.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. “उल्का, पावाचा वास येतोय.” मी वळले. ते ओल्या जमिनीवर अनवाणी उभे, मान वर केलेली. “ओल्या पावाचा. आणि आल्याचा. उल्का, आलं!” मी दारातच रडायला लागले. अकबरला वाटलं मला काच लागली. मग ताहिरा आली, तिनं एका नजरेत सगळं ओळखलं आणि त्याला म्हणाली, “अकबरभाई, अद्रक का पानी था, गर्मी में बोतल फूट गई. झाडू ले आओ.” तो झाडू घेऊन आला. चौघांनी मिळून काचा गोळा केल्या आणि बाबा मधूनच जमिनीवर बोट फिरवून हुंगत होते.

संध्याकाळपर्यंत वास पुन्हा गेला. मी मनाची तयारी केली. पण आज सकाळी बाथरूममधून ओरडले, “साबण!” डॉक्टरांना फोन केला. ते हसून म्हणाले, याचं श्रेय बिअरचं नाही, वासाच्या नसा आपल्या आपण जाग्या होतायत, असाच येत-जात राहील. असेना! मी मात्र उरलेल्या बाटल्या सिंकमध्ये ओतून टाकल्या. पुन्हा इथे करणार नाही, कालची भीती मला जन्माची पुरे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. बाबा बारशाला आले नाहीत म्हणून तू अजून मनातून रागावली आहेस. रजा मिळाली नाही असं त्यांनी सांगितलं. रजा मिळाली होती, पूर्वी. तिकिटं त्यांनीच रद्द केली. “नात मांडीवर घेईन आणि मला तिचा वासच येणार नाही. ते माझ्यानं सोसवणार नाही,” म्हणाले होते. आज सकाळी आंघोळ करून आले आणि स्वतःहूनच लॅपटॉप उघडून तिकिटं काढली. गुरुवारी आम्ही सांगलीत पोचतोय. तुला ते स्वतःच सांगणार आहेत, तेव्हा चकित हो आणि रजेचं काही विचारू नकोस. आणि एक कर. त्या दिवशी स्पृहाला पावडर लावू नकोस, सुगंधी तेलही नको. जशी असेल तशीच त्यांच्या मांडीवर दे आणि तू आत निघून ये माझ्याकडे.

तुझीच,
आई